कणही नाही, लाटही नाही : ‘द्वैत’ या शब्दाविषयी एक तक्रार

मागच्या व्याख्यानात कार्यकारणभावावर बोलताना आम्ही जाता जाता एक वाक्य टाकलं होतं. क्वांटम भौतिकीत जे अवघड वाटतं, त्यातलं निम्मं तरी निसर्गाने नव्हे, आपल्या शब्दांनी अवघड केलेलं आहे, असं ते वाक्य. त्यावर बरेच प्रश्न आले. काहींनी सरळच विचारलं, की तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुम्हाला हा नसता उद्योग कुणी सांगितला? प्रश्न रास्त आहे. आम्ही भौतिकशास्त्राचे नाही. पण शब्दांची झाडाझडती घेणं हे आमचं आयुष्यभराचं काम, आणि ‘तरंग-कण द्वैत’ हा शब्दच आज झाडाझडतीला घ्यायचा आहे. गणितात कुठे चुकलो तर हात वर करा, संकोच करू नका.

आधी एक कबुली द्यायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक मुलगी होती. विज्ञान शाखा सोडून आलेली. एकदा तासानंतर थांबली आणि म्हणाली, “सर, संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग ना? मग फोटॉनला वस्तुमान नाही, तर त्याला संवेग कुठून येतो? आणि जो कण आहे त्याला तरंगलांबी कुठून येते?” आम्ही त्या वेळी काय केलं? आम्ही तिला स्याद्वाद सांगितला. एका दृष्टीने आहे, एका दृष्टीने नाही, सत्य अनेकांगी असतं, वगैरे. तिने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि त्यानंतर वर्षभरात आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, तिला पटलं. आज कळतं, की तिने प्रश्न विचारणं सोडून दिलं. चांगल्या प्रश्नावर भारदस्त शब्द ठेवून तो झाकणं हा शिक्षकाचा मोठा गुन्हा, आणि तो आम्ही केला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

तर आता पुस्तकांकडे वळू. आपल्याकडचा मुलगा किंवा मुलगी नववीत ‘गतीचे नियम’ शिकते. तिथे संवेग येतो, वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणून. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर आदळतो, सोंगटी जाते, स्ट्रायकर मंदावतो, एकाचा गेला तेवढा दुसऱ्याला मिळाला. उत्तम. मग अकरावीला भाषा बदलते, संवेगाचा मोमेंटम होतो. आणि बारावीत एक प्रकरण येतं, त्याचं नावच ‘ड्युअल नेचर ऑफ रेडिएशन अँड मॅटर’. राज्य मंडळाच्या पुस्तकातही तेच नाव, एनसीईआरटीच्या पुस्तकातही तेच. त्यात एक सूत्र येतं : लॅम्डा बरोबर एच भागिले पी. तरंगलांबी म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग. मुलं ते पाठ करतात, गणितं सोडवतात, गुण मिळवतात. पण नववीतला पी आणि बारावीतला पी हे एकच आहेत की दोन, हे कुणी सांगत नाही. आमची पहिली तक्रार इथे आहे. वर्गात सगळा वेळ ‘लाट की कण’ या कोड्यात जातो, आणि संवेग हा जो खरा सांधा, तो पाहुण्यासारखा ओटीवर बसून राहतो.

वस्तुमान नसलेल्या प्रकाशाला संवेग असतो, ही क्वांटमची भानगड नाहीच मुळी. ती त्याच्याही आधीची गोष्ट. मॅक्सवेलच्या सिद्धांतात, म्हणजे १८७३ च्या ग्रंथात, प्रकाश पृष्ठभागावर दाब देतो हे आलेलं आहे. तिथे प्रकाश शुद्ध लाट आहे, कणाचं नावही नाही. रशियात लेबेदेव यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तो दाब मोजलासुद्धा. आकडा पाहा. आपल्या पृथ्वीच्या अंतरावर सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरवर साधारण १,३६० वॅट येते. तिला प्रकाशाच्या वेगाने भागा, की दाब निघतो. एक चौरस मीटरचा काळा पत्रा उन्हात धरला तर त्यावर प्रकाशाचा रेटा येतो तो जेमतेम अर्धा मिलिग्रॅम वजनाएवढा. आपल्याला तो जाणवत नाही, पण धूमकेतूच्या धुळीच्या शेपटीला जाणवतो. ती सूर्यापासून दूर ढकलली जाते ती त्यामुळेच. म्हणजे संवेग ही वस्तुमानाची खासगी मालमत्ता नव्हे. जो कुणी दुसऱ्याला ढकलू शकतो त्याच्याकडे संवेग आहे. ‘वस्तुमान गुणिले वेग’ ही संवेगाची व्याख्या नाही. सावकाश चालणाऱ्या, वस्तुमान असलेल्या वस्तूंच्या बाबतीत संवेग किती, हे सांगणारा तो हिशेब आहे. नववीच्या पुस्तकात हिशेबालाच व्याख्येच्या पाटावर बसवलं गेलं आणि पुढे मुलं अडखळली. त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. स्याद्वादाची काही गरज नव्हती.

इथे आमच्या विषयातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. वैशेषिकांनी वेगाला क्रियेहून वेगळं काढलं. क्रिया हा एक पदार्थ, आणि वेग हा ‘संस्कार’ नावाच्या गुणाचा एक प्रकार. धनुष्यातून बाण सुटला, दोरीचा संबंध तुटला, तरी बाण पुढे जातो तो कशाने? तर पहिल्या क्रियेने बाणात निर्माण केलेल्या वेगाने. विचार फार सुरेख आहे. आणि हा वेग त्यांनी पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन या पाचांत मानला. म्हणजे तेजातही! आता मोह होतो, की बघा, प्रकाशाला संवेग आहे हे आपल्याला ठाऊक होतं. आम्हालाही तो मोह एके काळी झाला होता. पण असं म्हणणं हा त्या लोकांचाच अपमान आहे. त्यांच्या वेगाला मापन नव्हतं, अक्षय्यतेचा नियम नव्हता. त्यांनी आपला प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला, त्याचं श्रेय त्यांना त्यांच्या जागी द्यावं. तीच गोष्ट वीचितरंगन्यायाची. शब्द कसा पसरतो, तर लाटेवर लाट यावी तसा, की कदंबाच्या फुलासारखा सगळ्या दिशांना एकदम, यावर नैयायिकांनी खल केला. तो ध्वनीबद्दलचा गंभीर विचार आहे. त्यात इलेक्ट्रॉन शोधू नये.

बरं, मुद्द्यावर येऊ. प्रकाशाची ऊर्जा पुड्यांमध्ये येते असं आइन्स्टाइननी १९०५ साली मांडलं हे सर्वांना ठाऊक असतं. पण त्या प्रत्येक पुड्याला दिशा असलेला, ठरावीक संवेगही असतो, हे त्यांनी नीट मांडलं ते १९१६-१७ मध्ये. मध्ये अकरा-बारा वर्षं गेली. एवढ्या मोठ्या माणसालाही वेळ लागला, तर बारावीच्या मुलाला एका तासात कसं उमगावं? मग १९२३ मध्ये कॉम्प्टननी क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळवून पाहिले. हिशेब कॅरमसारखाच जमला : जेवढा संवेग किरणाने गमावला तेवढा इलेक्ट्रॉनला मिळाला. १९२४ मध्ये आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून जो निबंध आइन्स्टाइनना पाठवला, त्यातली मोजणीही प्रकाशकणांच्या संवेगाचा आधार घेऊनच केलेली आहे. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये द ब्रॉग्ली या तरुणाने प्रबंधात उलटा प्रश्न टाकला. तरंगाला संवेग असतो, तर संवेग असलेल्याला तरंगलांबी का नसावी?

१९२७ मध्ये डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले. ५४ व्होल्टला ५० अंशांच्या कोनात ठळक शिखर मिळालं. स्फटिकातल्या अंतरांवरून तरंगलांबी निघाली १.६५ अँगस्ट्रॉम. द ब्रॉग्लीच्या सूत्रावरून येत होती १.६७. त्याच वर्षी जी. पी. टॉमसन यांनीही वेगळ्या रीतीने तेच दाखवलं. यावर एक विनोद प्रत्येक व्याख्याता करतो, की बापाला इलेक्ट्रॉन हा कण दाखवल्याबद्दल नोबेल आणि लेकाला तो कण नाही हे दाखवल्याबद्दल नोबेल. आम्हीही हा विनोद केलेला आहे, लोक हसतात. पण विनोद चुकीचा आहे. लेकाने बापाला खोटं पाडलं नाही. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार जेवढा होता तेवढाच राहिला, आणि पडद्यावर तो अखंडच येत राहिला. कुठल्याही प्रयोगात अर्धा इलेक्ट्रॉन इकडे आणि अर्धा तिकडे सापडला नाही.

आता आमची दुसरी, आणि खरी, तक्रार. ‘कण’ या शब्दात दोन वेगळे अर्थ एकत्र बांधलेले आहेत. एक, जे येतं ते अखंड येतं, मोजता येतं, एका जागी लागतं. दोन, जे येतं ते एका ठरलेल्या वाटेने येतं, क्षणाक्षणाला कुठेतरी असतंच. रेतीचा कण, साखरेचा कण, यांच्यात हे दोन्ही अर्थ नेहमी बरोबर नांदतात, म्हणून ते दोन आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही. ‘लाट’ या शब्दाचंही तसंच. एक अर्थ, दोन लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे वाढतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. दुसरा अर्थ, काहीतरी हलतं आहे, पाणी, हवा, दोर. मिरकरवाड्याला बंधाऱ्याच्या टोकाशी उभे राहा. समुद्राची लाट टोकाशी आली की सरळ पुढे निघून जात नाही, वळसा घालून आत पसरते, आणि आतल्या होड्याही थोड्या डोलतात. कुठल्याही तांडेलाला हे ठाऊक असतं. तिथेही दोन्ही अर्थ एकत्र आहेत : वळसा घालणं, मिसळणं आहे, आणि खारं पाणी हलतं आहे.

क्वांटम यामिकी काय करते? ती ‘कण’मधला पहिला अर्थ ठेवते, दुसरा टाकते. ‘लाट’मधलाही पहिला ठेवते आणि दुसरा टाकते. येणं अखंड, मिसळणं लाटेसारखं. ठरलेली वाट नाही. हलणारं पाणी नाही. आता सांगा, यात विरोध कुठे आहे? अखंड येणं आणि मिसळणं यांच्यात तार्किक भांडण काहीच नाही. भांडण आहे ते ‘एका वाटेने येणं’ आणि ‘दोन्ही फटींतून मिसळून येणं’ यांच्यात, आणि त्यातला एक पक्ष सिद्धांताने आधीच सोडून दिलेला आहे. आपण मात्र शब्द अख्खे ठेवतो आणि मग कपाळावर आठ्या घालून म्हणतो, काय हे गूढ! तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८९ चा जपानमधला प्रयोग आठवा. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन. पडद्यावर एक ठिपका, मग दुसरा, कसेही विखुरलेले. हजारो ठिपके जमले की पट्टे दिसू लागतात. प्रत्येक ठिपका अखंड, आणि ठिपक्यांचा सगळा मेळ मिसळण्याचा नियम पाळणारा. मुलांना हे चित्र आधी दाखवा आणि ‘द्वैत’ हा शब्द महिनाभर उच्चारू नका, एवढीच आमची शिक्षकांना विनंती.

आणि शब्द तरी कुठला निवडला? द्वैत! मराठी माणसाने द्वैत ऐकलं की त्याचं मन मध्वाचार्यांकडे जातं, नाहीतर अद्वैताच्या आठवणीने अमृतानुभवाकडे. मध्वांचं द्वैत म्हणजे दोन खरोखर भिन्न तत्त्वं. इथे तर दोन तत्त्वं नाहीतच. ‘द्विस्वरूप’ म्हटलं तर थोडं बरं, पण तिथेही वाटतं की इलेक्ट्रॉनकडे दोन पोशाख आहेत आणि तो प्रसंग पाहून बदलतो. यापेक्षा विश्वकोशाने रुळवलेला ‘पुंज’ हा शब्द कितीतरी शहाणा. तो नुसतं मोजण्याबद्दल बोलतो, स्वभावाबद्दल आव आणत नाही.

स्याद्वादाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. दौलतसिंह कोठारी हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. बोर यांच्या जन्मशताब्दीच्या, १९८५ च्या, ग्रंथात त्यांनी पूरकता आणि स्याद्वाद यांची तुलना केली आहे. कोठारींबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो, तुलना पुरती जमत नाही. घट सोन्याचा म्हणून आहे, मातीचा म्हणून नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी, एकाच घटाबद्दल खरी असतात. बोर यांचं म्हणणं नेमकं याच्या पलीकडचं आहे. वाट मोजायची मांडणी आणि पट्टे पाहायची मांडणी एकत्र करताच येत नाही, म्हणून ‘वाट तर होतीच, फक्त आपण दुसऱ्या बाजूने पाहिलं’ असं म्हणायची सोय उरत नाही. अनेकांतवाद वस्तूला अनंत धर्मांनी श्रीमंत करतो. क्वांटम तिच्याकडून काही धर्म काढून घेते.

आता संवेगाकडे परत, कारण सगळ्या गोष्टीचा सांधा तिथे आहे. तंबोऱ्याची तार छेडली की सूर लांबत राहतो आणि तो नेमका कोणता हे आपल्याला सांगता येतं. टाळी वाजवली, तर ती कधी वाजली हे अचूक सांगता येतं, पण टाळीचा सूर कोणता? सांगता येत नाही. यात कानाचा दोष नाही. सूर म्हणजे काही काळ होत राहणारी पुनरावृत्ती. क्षणभराच्या आवाजात पुनरावृत्तीला जागाच नसते. १०० आणि १०१ कंपनांमधला फरक ठरवायला साधारण सेकंदभर ऐकावंच लागतं. आता काळाच्या जागी अवकाश ठेवा. संवेग म्हणजे तरंगलांबी, फक्त एचच्या मापाने उलटी मोजलेली. तरंगलांबी नेमकी हवी तर तरंग लांबवर पसरलेला हवा. जागा नेमकी हवी तर तरंग आखूड हवा, आणि आखूड तरंगाला नेमकी लांबी नसते. हायझेनबर्गचा १९२७ चा नियम तो हाच. तो अज्ञानाचा नियम नाही. टाळीचा सूर ‘आहे पण कळत नाही’ असं आपण म्हणतो का?

पुस्तकांत मात्र वेगळंच स्पष्टीकरण चालतं. इलेक्ट्रॉन पाहायला प्रकाश टाकावा लागतो, प्रकाशाचा धक्का लागतो, संवेग बिघडतो, म्हणून पट्टे पुसले जातात. ऐकायला छान, पण अपुरं. जर्मनीत कॉन्स्टान्झ इथे ड्यूर, नॉन आणि रेम्पे यांनी १९९८ मध्ये अणूंवर प्रयोग केला. अणू कुठल्या वाटेने गेला याची खूण त्यांनी अणूच्या आतल्या अवस्थेतच ठेवली. त्यात लागणारा संवेगाचा धक्का इतका क्षुल्लक, की त्याने पट्टे पुसले जाणं शक्यच नव्हतं. तरी पट्टे गेले. खूण उमटली एवढंच पुरेसं होतं. कुणी ती वाचली की नाही याच्याशी संबंध नाही. म्हणून ‘निरीक्षकाच्या मनाने जग घडतं’ असं सांगून जे क्वांटमच्या नावाने शिबिरं भरवतात, त्यांनाही या प्रयोगात आधार नाही. खूण ठेवायला मन लागत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तर मग आपल्या ट्रॉम्बेचं सांगतो. अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, पुढे सायरस, १९८५ मध्ये ध्रुव. पी. के. अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे न्यूट्रॉनच्या विकिरणाचं काम उभं केलं. भट्टीतून बाहेर पडणारे मंद न्यूट्रॉन साधारण २,२०० मीटर दर सेकंदाला या वेगाने धावतात. न्यूट्रॉनला वस्तुमान आहे, तेव्हा नववीच्या रीतीने गुणाकार करा, मग बारावीच्या रीतीने एचला त्याने भागा. येते १.८ अँगस्ट्रॉम, स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराच्या मापाची. या कामाची रीतच अशी, की एक न्यूट्रॉन ठरावीक अंतर किती वेळात पार करतो हे पाहून त्याचा वेग काढता येतो, आणि स्फटिकावरून कोणत्या कोनात परततो हे पाहून तरंगलांबी काढता येते. एका बाजूला धावण्याची शर्यत, दुसऱ्या बाजूला लाटेचं वळण. आणि दोन्ही हिशेब एकाच संवेगावर येऊन थांबतात. तिथे काम करणाऱ्यांना ‘लाट की कण’ हा पेच रोज सकाळी पडत असेल असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्या हातातलं चलन संवेग आहे, आणि नववीतला पी आणि बारावीतला पी एकच आहेत हे त्यांच्या यंत्रातच दिसतं.

मग क्रिकेटच्या चेंडूला लाट का दिसत नाही? १६० ग्रॅमचा चेंडू, ४० मीटर दर सेकंदाला. तरंगलांबी येते एका मीटरच्या आधी दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं देऊन मग एक. असा स्फटिक नाही, अशी फट नाही. पण सीमारेषा कुठे आहे हे कुणी सांगितलेलं नाही. १९९९ मध्ये व्हिएन्नात साठ कार्बन अणूंच्या रेणूचेही पट्टे मिळाले.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम बाजूला ठेवली आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोजण्याआधी इलेक्ट्रॉनला संवेग ‘असतो’ का? आम्ही म्हटलं, वाट टाकून द्या. पण बोम यांनी १९५२ मध्ये वाट ठेवून सिद्धांत मांडला आणि त्याची भाकितंही जुळतात. तिथे किंमत दुसरीकडे मोजावी लागते. म्हणजे आमची वरची विभागणी ही शेवटची नाही. त्या मुलीने आज हे ऐकलं तर ती इथेच बोट ठेवील, “मग सर, वाट टाकली ती निसर्गाने की तुम्ही?” याला आमच्याकडे तयार उत्तर नाही. बोम यांच्यासाठी वेगळा तास लागेल, तो पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेत कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.